जमेची बाजू

भाऊ गेल्यापासून ज्याने त्याने मला एकच गोष्ट विचारली. भावजय कशी आहे? शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक परत करायला आलेले शिक्षक विचारायचे, एसटीची वाट बघत उभी असलेली माणसं विचारायची, मासळीवाली टोपली उतरवता उतरवता विचारायची. मी म्हणायचे, "बरी आहे. वेळ लागेल." मग ती माणसं मान हलवायची आणि जाता जाता म्हणायची, "तुम्ही आहात म्हणून बरं." मी कशी आहे हे त्यांनी धरूनच चाललेलं असायचं. साडी नीट नेसलेली, केस विंचरलेले, नाकावर चष्मा, कामावर वेळेत हजर. अशा बाईला काय विचारायचं?

तो माझ्यापेक्षा बराच लहान. आई लवकर गेली, तेव्हा तो अजून कडेवर बसायचा. वडील वाडीत रमलेले, म्हणून त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, त्याच्या हातात पेन्सिल देणं हे सगळं माझ्याकडे आलं. माझं लग्न झालं नाही. त्याचंही पुष्कळ उशिरा झालं, इतकं उशिरा की दिवेआगरात सगळ्यांनी आशा सोडली होती. मग ही आली. शांत, कामसू, पुस्तकांना हात न लावणारी. मला तिच्यात नाव ठेवायला काही सापडलं नाही, आणि हीच माझी पहिली तक्रार होती.

तो दिघीहून फेरीबोटीने पलीकडे निघाला होता. जीपमध्ये मागे सुपारीची पोती होती. फेरी आगरदांड्याला लागली, फळी पडली, पुढच्या गाड्या उतरल्या आणि त्याची जीप जागची हलली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. कुणीतरी शिवीही दिली म्हणे. मग एक जण उतरून काचेशी आला आणि त्याने सगळ्यांना गप्प केलं. हृदय बंद पडलं होतं. त्या शिवी देणाऱ्या माणसाचा विचार माझ्या मनात अजून येतो. त्याला नंतर कसं वाटलं असेल? की घरी जाऊन तो जेवला असेल?

भटजींनी सांगितलं, मी अविवाहित असल्यामुळे मला भावाचं पूर्ण सुतक. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेले असते तर लवकर सुटले असते. ते ऐकून मला बरं वाटलं. निदान शास्त्राने तरी मला तिच्या बरोबरीला बसवलं होतं. पण समाचाराला येणाऱ्या बायकांना शास्त्राशी काय देणंघेणं? त्या ओटीच्या पायरीला चपला काढायच्या, सरळ माजघरात शिरायच्या आणि भावजयीला मिठी मारून रडायच्या. मी शेजारून आलेला चहा कपांत ओतायचे. एकीने माझ्या हातून कप घेताना विचारलं, "साखर घातली हाय ना?" मी म्हटलं, "हो." त्या दिवसांत आमच्या घरात मला कुणी विचारलेला तो सगळ्यात सरळ प्रश्न होता.

सगळ्यांनी मिळून आणखी एक ठरवलं. भावजयीपुढे त्याचा विषय काढायचा नाही. त्याचे शर्ट पेटीत गेले, भिंतीवरचा फोटो कपाटात गेला. कुणी चुकून नाव घेतलं की दुसरी डोळ्यांनी दटावायची. मला हे सोयीचं वाटलं. तो विषय माझा होता. तो असा वाटत फिरायला मी तयार नव्हतेच.

मग एक दिवस शेजारची काकी आमच्या पडवीत आली. तिची वाडी आमच्या वाडीला लागून आहे, मधे फक्त जास्वंदीची रांग आणि त्या रांगेत ये-जा करून पडलेली वाट. काकी एरवी दुरूनच ओरडत येते. त्या दिवशी गुपचूप आली आणि माझ्या शेजारी टेकली.

"अगो बाय, तुजं लक्ष हाय का घरात?"

"काय झालं?"

"तुजी भावजय दोन घास खात न्हाय. भात कोंबड्यांना घालते. आज मला म्हनली, काकी, सकाळी डोळे उघडतात त्याचंच वाईट वाटतं."

मी म्हटलं, "दुःख आहे. आपल्यालाही आहेच."

काकीने माझ्याकडे नीट बघितलं. "तुजं तू पुस्तकात घालून ठेवतेस. तिला ठेवायला जागा न्हाय."

गावातल्या आशाताईलाही काकीनेच गाठलं. तिने सांगितलं, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा समुपदेशक बाई बसतात, एकदा नेऊन आणा. भावजय नाही म्हणाली नाही. तिला त्या दिवसांत नाही म्हणायचंही जमत नव्हतं. मी रजा टाकली आणि आम्ही सकाळच्या एसटीने गेलो.

समुपदेशक बाई माझ्या अंदाजापेक्षा तरुण निघाल्या. मला कुणी पोक्त अपेक्षित होतं. भिंतीवर लसीकरणाची चित्रं, कोपऱ्यात वजनकाटा, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. त्यांनी खुर्च्या टेबलासमोरून हलवून बाजूला घेतल्या, म्हणजे मधे टेबल येणार नाही.

"तुम्ही यांच्या कोण?"

"नणंद."

"बसा तुम्हीही. आधी दोघी असताना विचारते, मग यांच्याशी थोडं एकटीने बोलेन. चालेल ना, ताई?" हे त्यांनी मला न विचारता भावजयीला विचारलं.

प्रश्न साधे होते. झोप कधी लागते, कधी मोडते. जेवण. अंघोळ करावीशी वाटते का. माहेरी कुणाला असा त्रास झाला होता का. दिवसातला किती वेळ एकटी असता. मी भावजयीकडे बघत बसले होते. घरात दोन-दोन दिवस न बोलणारी ही बाई त्या मुलीला हळूहळू, पण पूर्ण वाक्यांत उत्तरं देत होती. तिचा आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते!

"याआधी कधी असं खूप खाली गेल्यासारखं वाटलं होतं?"

भावजय म्हणाली, "एकदा. लग्नानंतर दिवस राहिले होते. टिकले नाहीत. तेव्हा पावसाळाभर असंच झालं होतं. त्यांनी सांभाळून नेलं मला."

मी त्याच घरात होते. त्या पावसाळ्यात मी त्याच छपराखाली जेवले, झोपले, तिला 'तोंड का उतरलंय' असंही कधीतरी म्हटलं असेन. दोघांपैकी कुणी मला सांगितलं नव्हतं. त्याने सांगितलं नव्हतं. पेन्सिल कशी धरायची हे ज्याला मी शिकवलं त्याने आपलं न जन्मलेलं मूल माझ्यापासून दडवलं होतं, आणि ते आज एका परक्या मुलीला सहज मिळालं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात त्या बाईंनी त्याच आवाजात विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं?"

मी दचकले. "असं काय विचारता?"

"विचारल्याने कुणाच्या मनात नवीन काही शिरत नाही, ताई. आत असलं तर बाहेर यायला वाट मिळते." त्या पुन्हा तिच्याकडे वळल्या आणि थांबून राहिल्या.

"येतं," भावजय म्हणाली. "सकाळी येतं. दुपारपर्यंत कमी होतं."

"काही करायचं ठरवलंय?"

"नाही. ठरवायला अंगात बळ लागतं."

आधी मला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या मागोमाग जे आलं ते लिहायला मला आजही वेळ लागतो. मला तिचा हेवा वाटला. तिचं दुःख कुणीतरी हातात घेऊन वजन करून पाहिलं होतं आणि ते जड भरलं होतं. माझं अजून काट्यावर ठेवलंच नव्हतं. मी जेवत होते, झोपत होते, कामावर जात होते. म्हणजे माझं प्रेम कमी, असाच हिशेब झाला ना?

बाईंनी मग समजावून सांगितलं. त्या दोन्ही बाजू बघतात. धोका वाढवणाऱ्या गोष्टी कुठल्या आणि माणसाला धरून ठेवणाऱ्या कुठल्या. अचानक आलेला मृत्यू, आधीचं ते दुःख, मोडलेली झोप, सकाळचे विचार, म्हणजे जपायला हवं. दर आठवड्याला यायचं, डॉक्टरांकडून गोळ्या घ्यायच्या, एकटं ठेवायचं नाही. "पण घरात तुम्ही आहात," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शिकलेल्या, शांत. ही फार मोठी जमेची बाजू आहे." मी मान हलवली. मी तिच्या जमेच्या रकान्यातली एक गोष्ट होते.

"आता मला सांगा," त्यांनी भावजयीला विचारलं, "सकाळी फारच वाईट वाटलं तर लगेच कुणाकडे जाल? कुणाला सांगाल? दोन-तीन माणसं."

मी वाट बघत होते. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे.

"शेजारच्या काकी," ती म्हणाली. "मग माझी बहीण, रोह्याला असते, तिला फोन." मग विचार करून बाईंना म्हणाली, "नाहीतर तुम्ही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्यांनी चांगलं केलं.

निघताना त्यांनी सांगितलं, वाडी आहे म्हणजे घरात फवारणीची औषधं असतील. असतील तर ती बाहेरच्या कुणाच्या तरी कुलपात ठेवा. म्हणून संध्याकाळी मी आणि काकीने मोरचुदाची पिशवी आणि होते नव्हते ते डबे तिच्या खोपीत नेले.

"माज्या घरात इखाचं दुकान मांडताय व्हय?" काकी म्हणाली. "गिऱ्हाईक आलं तर तुला कमिशन देईन." मग तिने कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि चावी कमरेला खोचली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

वाडीचं काम मी माझ्याकडे घेतलं. सगळे म्हणाले, केवढा आधार आहे बाईचा. मी त्यांना बोलू दिलं. खरं म्हणजे वाडी ही एकच जागा होती जिथे तो मला एकटीला मिळायचा. वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, त्यानंतर त्याने लावलेली रोपं आता डोक्याच्या वर गेली होती. त्यांना पाणी कसं द्यायचं हे त्याने मला दाखवलं होतं, आणि मी ते तसंच करायचं ठरवलं. उजाडायच्या आधी उठायचं. त्याचे रबरी बूट घालायचे, पुढे चिंध्या कोंबून. पडवीतून उतरताना तो घसा खाकरायचा, म्हणून मीही खाकरायचे. पंपाची पेटी त्याच्या हाताखाली थाप दिल्याशिवाय चालू व्हायची नाही. माझ्या हाताखाली ती नुसत्या बटनानेही व्हायची, पण मी थाप द्यायचे.

आणि हाक. आमची आणि काकीची विहीर एकच. दोन्हीकडचे पंप एकदम लागले तर विहीर गाळ ओढते, म्हणून ज्याने आधी पंप लावला त्याने पलीकडे हाक द्यायची, ही वडिलांच्याही आधीपासूनची रीत. तो ओरडायचा, "पाणी घेतलं गोऽऽ!" शेवटचा स्वर लांबवून, जरा वर नेऊन. पहिल्या दिवशी माझा आवाज फुटला नाही. मग जमलं. आठवड्याभरात इतकं जमलं की काकीने पलीकडून हाकेला ओ दिली आणि मग बराच वेळ तिच्या वाडीत काही हललं नाही. मला त्याचा अभिमान वाटला. भावजयीकडे बायकांच्या मिठ्या होत्या, समुपदेशक बाई होत्या. माझ्याकडे हे होतं.

दर आठवड्याला आम्ही तालुक्याला जात होतो. आता मी बाहेरच्या बाकावर बसायचे. पर्समध्ये पुस्तक असायचं, ते उघडायचे आणि त्याच पानावर बंद करायचे. आतून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. एकदा ती आत हसली. छोटंसं, नाकातून. माझ्या शेजारी एक बाई पोराला औषध पाजत होती, ती मला म्हणाली, "बरं वाटतंय वाटतं तुमच्या पेशंटला." मी म्हटलं, "हो." परतीच्या गाडीत मी भावजयीला विचारलं, "आज काय बोलणं झालं?"

"काही नाही, असंच," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

संध्याकाळी ती आता थोडं जेवत होती. काकीबरोबर सुपारी निवडायला बसायची. पण सकाळ काही सुधारत नव्हती. उलट वाईट होत होती. मी वाडीतून परत यायचे तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि उशी ओली असायची. बाईंनाही कळत नव्हतं. गोळ्या लागू पडताहेत, दुपार बरी जाते, मग सकाळीच काय होतं?

एका सकाळी मी पाणी लावून घरात आले तर तिचं अंथरूण रिकामं होतं. न्हाणीघरात नाही. मागचं दार उघडं. मी हाका मारल्या. मग मी त्या बुटांतच धावत सुटले. आधी विहिरीशी गेले, जिथून मी आत्ताच आले होते. पाण्यावर माझंच डोकं दिसलं. मग मागच्या वाटेने सुरूच्या बनात, तिथून पुळणीवर. ओहोटी लागली होती. वाळू दोन्ही बाजूंना लांबवर रिकामी, ओली, आणि तिच्यावर एकही पाऊल नाही. हे चांगलं की वाईट हेसुद्धा मला कळेना. मी परत फिरले आणि जास्वंदीतून काकीच्या घरात घुसले, तिला सांगायला, गाव गोळा करायला.

काकीच्या चुलीशी भावजय बसली होती. हातात कप, कपात बुडवलेलं बटर.

"आली का?" काकी म्हणाली. "बस. च्या घे. तुजा चेहरा बघ, कशी भूत बघितल्यासारकी दिसतेस."

मला बसवेना. "सांगून यायचं नाही?" मी भावजयीला म्हटलं. माझा आवाज चढला होता.

तिने मान वर केली नाही. काकीच म्हणाली, "सांगायला तू कुठं व्हतीस? पान्यात. ती माज्याकडं आली, म्हनली, काकी, मला हितं बसू दे. मी म्हनलं बस. त्या बाईनं तेच सांगितलं व्हतं ना तिला? मग? केलं तिनं."

केलं होतं. जसं ठरलं होतं तसंच केलं होतं तिने, आणि ती जिवंत होती, बटर खात होती. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी मला दिसत होतं की आमच्या मागच्या दारातून काकीकडे येणारी वाट पंपाच्या अगदी जवळून जाते. मी तिथे उभी होते. तिला मरावंसं वाटत होतं आणि ती माझ्या पाठीमागून, पावलं न वाजवता, दुसरीकडे गेली होती.

त्या आठवड्यात दवाखान्यात बाईंनी थोड्याच वेळात दार उघडलं आणि मला आत बोलावलं. भावजय पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"यांना तुम्हाला काही सांगायचंय," बाई म्हणाल्या. "मी सुचवलेलं नाही. त्यांनीच ठरवलंय."

"वन्सं, रागावू नका," ती म्हणाली.

"बोल."

"सकाळी तुम्ही खाकरता. मग बुटांचा आवाज येतो. मग ती थाप. मग हाक. मी तेव्हा अर्धवट झोपेत असते. मला वाटतं, आहेत. उगाच आपण काहीतरी भलतंच स्वप्न बघितलं. रोज वाटतं. आणि मग डोळे उघडतात."

पंखा कुरकुरत होता.

"हे तुम्ही माझ्याकडे इतके आठवडे कधीच बोलला नाहीत," बाई तिला म्हणाल्या.

"कसं बोलू? यांच्याकडे तेवढंच राहिलंय." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती. "मी बघते ना. बूट काढल्यावर त्या ते पुसून ठेवतात."

तिला दिसलं होतं. गावात कुणाला दिसलं नव्हतं ते भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या बाईला दिसलं होतं, आणि ते माझ्याकडे राहावं म्हणून ती रोज सकाळी नवऱ्याला नव्याने गमावत होती. मला हे आवडलं नाही. त्यातही तीच माझ्यापेक्षा मोठी ठरत होती.

बाई म्हणाल्या, "ताई, चूक माझी आहे. मी तुम्हाला नुसतं जमेत धरलं. तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. झोप येते का तुम्हाला?"

इतके महिने मी ज्याची वाट बघत होते तो प्रश्न आला, आणि आता मला तो नको झाला. "येते," मी म्हटलं. "पाणी बंद करायचं का मी?"

"बंद नको. रोपं मरतील," भावजय घाईने म्हणाली. "त्यांनी लावलेली आहेत. पण तुम्ही नका लावू. म्हणजे, तसं नका लावू." मग तिचे डोळे भरले आणि ती भराभर बोलायला लागली. "मला तुमचा हेवा वाटतो, वन्सं. खरंच वाटतो. तुम्हाला ते कडेवर असल्यापासून माहीत. मला मिळाले तेव्हा केस पिकायला लागले होते त्यांचे. तुम्हाला हुबेहूब त्यांची हाक देता येते. मला काय येतं? आणि घरात कुणी नाव काढत नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"तुझ्यापुढे विषय काढायचा नाही असं ठरलं होतं."

"कुणी ठरवलं? मला विचारलं होतं कुणी?"

हेवा हा शब्द तिने किती सहज उच्चारला. मी तो इतके दिवस जिभेखाली धरून फिरत होते, आणि तिने तो चारचौघांतल्या शब्दासारखा टेबलाशेजारी ठेवला. तिलाही वाटतो, आणि माझाच वाटतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. माझ्याकडे हेवा करण्यासारखं काही असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

बाईंनी ठरवून दिलं. पाणी आता दुपारनंतर, आणि ते भावजयीने लावायचं, काकीने सोबत राहायचं. तिच्या हाताला काम हवं होतं; आम्ही सगळ्यांनी दया म्हणून ते काढून घेतलं होतं. आणि सकाळी तिला जाग येते तेव्हा कुणीतरी जवळ असावं. चेहरा दिसेल असं. आवाज आपला स्वतःचा असेल असं.

परतीच्या गाडीत बसलो. तिने जगावं म्हणून मी त्याला दुसऱ्यांदा सोडायचं, आणि कुणी समाचारालाही येणार नाही. असं काहीबाही मनात येत होतं. ती माझ्या शेजारी झोपली होती, डोकं खिडकीवर आपटत होतं. वडवलीच्या वळणावर मी माझा पदर घडी करून तिच्या डोक्याखाली घातला. राग तेवढाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी लावायला गेली. मी पडवीत पुस्तक घेऊन बसले. ती अनवाणी होती. तिने पाण्याचा पाट उलट्या टोकाकडून धरला, लांबच्या रोपांना आधी पाणी दिलं, जे तो कधी करत नसे. हाक द्यायची वेळ आली तेव्हा तिने जास्वंदीपाशी जाऊन नुसतं सांगितलं, "काकी, पंप लावलाय हं."

"अगो मी तुज्याच शेजारी उभी हाय," काकी म्हणाली. "पंपाला सांगतेस का मला?"

दोघी हसल्या. मी उठून सांगणार होते की जवळच्या रोपांची आळी आधी भरायची असतात. मग पुस्तकात डोकं घातलं. बूट मी माझ्या कपाटात आणून ठेवले आहेत. ते कुणी मागितले नाहीत, मी दिलेही नाहीत.

सकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीत जाऊन बसले. तिने डोळे उघडले, माझा चेहरा दिसला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते आलं. मी तिथेच बसून राहिले. मग म्हणाले, "तो लहान असताना एकदा कासवावर बसला होता."

"कशावर?"

"कासवावर. पुळणीवर. अंडी घालून परत निघालं होतं पाण्याकडे, उजाडेपर्यंत रेंगाळलेलं. याला वाटलं दगड. चालून दमला होता, बसला. आणि दगड हलला. ओरडत आला माझ्याकडे, ताई, दगड समुद्रात चाललाय, त्याला थांबव!"

ती कोपरावर उठली. "मग?"

"मग काय. मी नाही थांबवला."

तिने चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून. "आणखी सांगा ना."

"आज एवढंच."

"उद्या?"

"उद्या बघू."

हे मी तिच्या भल्यासाठी केलं असं बाईंना वाटलं, आणि त्यांनी माझं कौतुक केलं. तसं नव्हतं. मला एका वेळी एकाहून जास्त देववत नाही. ती आठवण तिच्या हाती गेली की ती तिचीही होते, दुपारी ती काकीला सांगते, काकी ती स्वतःची भर घालून मला परत ऐकवते. मग दुसऱ्या सकाळपर्यंत मला धीर गोळा करावा लागतो. काही मी वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या मी देईन असं वाटत नाही. पण बाकीच्या पुष्कळ आहेत, मी मोजत नाही.

बाईंनी आता पंधरा दिवसांनी बोलावलं आहे. मागच्या खेपेला त्यांनी तिला तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला. मी तेव्हा आत होते. "येतं अजून कधी कधी," ती म्हणाली. "पण हे लहानपणी पावसात छत्री विकायला बसले होते, ती गोष्ट वन्संनी अर्धीच सांगितलीय. म्हणतात, बाकीचं सोमवारी."

मी म्हटलं, "मंगळवारी. सोमवारी मला शाळेत लवकर जायचंय."

"सोमवारी," ती म्हणाली. "लवकर उठेन मी."